जुळाऱ्याचा कीबोर्ड

मित्रांनो, माझ्या बटणांवरची अक्षरं केव्हाच पुसली गेली आहेत, त्यामुळे माझ्याकडे पाहून तुम्हाला फारसं काही कळणार नाही. मी एक जुना कीबोर्ड आहे. एकेकाळी पांढराशुभ्र होतो, आता पिवळा पडलो आहे. मागचा एक पाय मोडल्यामुळे टेबलावर ठेवलं की मी डावीकडे कलतो. माझी गोष्ट काही आनंदाची नाही, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे नंतर कोणी माझ्या नावाने बोटं मोडायला नको.

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. तिथे एका बाईने माझं प्रत्येक बटण हलकेच दाबून पाहिलं आणि मला खोक्यात निजवलं. जगातली सगळी माणसं अशीच हलक्या हाताची असतील, अशी माझी भाबडी समजूत झाली. मग मी एका छापखान्यात आलो आणि ती समजूत तासाभरात गेली.

छापखान्यात पुस्तकांची पानं लावणारा एक माणूस होता. पूर्वी शिशाचे खिळे, म्हणजे एकेका अक्षराचे ठसे, जुळवून पानं लावायचे, आणि ते काम करणाऱ्याला जुळारी म्हणायचे. खिळे गेले, संगणक आले, तरी लोक या माणसाला जुळारीच म्हणत. त्याची बोटं माझ्यावर अशी काही चालायची, की शेजारी बसून छापील पानांतल्या चुका शोधणाऱ्या बाईंना वाटायचं, हा रागाने नुसती बटणं बडवतोय. पण बघता बघता पान तयार झालेलं असायचं.

जुळाऱ्याला एका गोष्टीचा भारी कंटाळा होता. पडद्यावर माउसचा बाण न्यायचा, मेनू उघडायचा, त्यात हवं ते शोधायचं आणि मग टिचकी मारायची, हे सगळं त्याला घर माहीत असूनही गावभर पत्ता विचारत फिरण्यासारखं वाटे. म्हणून पडद्यावरच्या विंडो कुठे उघडायच्या, कशा सरकवायच्या, कोणती पुढे आणायची, हे बघणारा एक प्रोग्राम त्याने बसवून घेतला होता. त्या प्रोग्रामला हवं ते शिकवता येतं. हे बटण दाबलं की मजकुराची विंडो पुढे यावी, ते दाबलं की चित्रांची. एक बटण धरून माउसने कुठेही पकडलं की अख्खी विंडो सरकावी, दुसरं धरून ओढलं की लहानमोठी व्हावी. यांना शॉर्टकट म्हणतात. जुळाऱ्याने स्वतःच्या सोयीचे कितीतरी शॉर्टकट बनवले, एका लहानशा फाइलीत लिहिले आणि ती फाईल संगणकाच्या पोटात कुठेतरी ठेवून दिली.

याचा परिणाम असा झाला, की त्याच्या जागेवर दुसरं कोणी बसूच शकत नसे. एकदा तो जेवायला गेलेला असताना त्या शेजारच्या बाई एक काना दुरुस्त करायला बसल्या. ज्या बटणांनी सगळ्या जगाचा मजकूर जतन होतो ती त्यांनी दाबली, आणि अख्खं पान डोळ्यांसमोरून नाहीसं झालं. बाईंच्या तोंडचं पाणी पळालं. जुळारी आला, एक बटण दाबून त्याने पान परत समोर आणलं आणि दिवसभर गालातल्या गालात हसत राहिला. मालकांनी सांगितलं, हे सगळं एका कागदावर लिहून भिंतीला लावा.

“माझ्या हातांना पाठ आहे,” तो म्हणाला. “कागदाला शिकवून काय करू?”

मला तेव्हा त्याचा केवढा अभिमान वाटला होता. आपण त्याच्याशिवाय कोणाच्याच कामाचे नाही, यात मी भूषण मानत होतो.

मग एके दिवशी त्याच्या डाव्या हाताची करंगळी ऐकेनाशी झाली. दाबायला जायची आणि बटणावर नुसती टेकून राहायची. पहिला आळ अर्थातच माझ्यावर आला. त्याने मला उलटं करून झटकलं, बटणं काढून ब्रशने साफ केली, आतून निघालेले बिस्किटांचे कण बघून स्वतःवरच वैतागला. मी लख्ख झालो, करंगळी तशीच राहिली. मग करंगळीशेजारचं बोट गेलं. डॉक्टरांनी सांगितलं, हा आजार एकेक करून सगळ्या स्नायूंना बंद पाडतो, डोकं मात्र शेवटपर्यंत शाबूत ठेवतो. यावर औषध नव्हतं.

छापखाना सुटला. संगणकाबरोबर मी त्याच्या घरी आलो, खिडकीजवळच्या त्याच्या पलंगाशी. तिथे मी जे पाहिलं ते कधी विसरणार नाही. एखादं बोट निकामी होऊ लागलं, की तो ती फाईल उघडायचा आणि त्या बोटाची कामं शाबूत बोटांना वाटून द्यायचा. दोन बटणं एकदम दाबता येईनात, तेव्हा एकाच बटणावर काम आणलं. जीभ जड होऊन त्याचं बोलणं घरच्यांनाही कळेनासं झालं, तेव्हा त्याने अक्षरांची एक विंडो उघडायची सोय केली. तिच्यात अक्षरं एकामागून एक उजळत जायची. हवं ते अक्षर उजळलं की तो बटण दाबायचा, आणि वाक्य पुरं झालं की दुसरं बटण दाबून संगणकाकडून ते मोठ्याने वाचून घ्यायचा.

शेवटी उजव्या हाताची तर्जनी आणि डाव्या हाताचा अंगठा एवढंच त्याच्या हुकमतीत उरलं. अंगठा माउसच्या बाजूच्या बटणावर, तर्जनी माझ्या चार बटणांवर. अंगठा दाबला की त्याच चार बटणांची कामं बदलायची. एवढ्याशा भांडवलावर तो बातम्या वाचायचा, नव्या पुस्तकांतल्या चुका छापखान्याला कळवायचा आणि बायकोशी भांडायचासुद्धा. संगणकाचा आवाज खरखरीत होता. ती म्हणायची, लग्न झालं तेव्हा तुमचा आवाज बरा होता. तो बराच वेळ अक्षरं निवडत बसायचा, आणि मग संगणक म्हणायचा, “तेव्हा ऐकत होतीस का?”

त्याची लेक दूरच्या शहरात दातांची डॉक्टर होती. ती फोनवर सांगायची, बाबा, ती फाईल मला पाठवून ठेवा. तो हो म्हणायचा. पण रोज काही ना काही बदलायचं राहिलेलं असायचं, आणि अर्धवट काम दुसऱ्याच्या हाती देणं त्याच्या जन्मात त्याला जमलं नव्हतं.

आता त्याच्या धाकट्या भावाविषयी. तो वाईट असता तर ही गोष्ट सांगायला सोपी गेली असती. तो दादासाठी जीव टाकत होता. रोज कामावरून परस्पर इथे यायचा, दादाची दाढी करायचा, त्याला कुशीवर वळवायचा. जुना संगणक वरचेवर अडकून पडतो, आणि दादा त्याच्यापुढे ताटकळत बसतो, हे त्याला बघवेना. म्हणून दादाला तपासणीसाठी दवाखान्यात ठेवलेलं असताना त्याने घरी नवाकोरा संगणक आणून बसवला. फोटो, पुस्तकं, गाणी सगळं जपून नव्यात घेतलं. जुन्यातलं सगळं पुसलं आणि तो भंगारवाल्याला देऊन टाकला. ती लहानशी फाईल जगात आहे हेच त्याला ठाऊक नव्हतं. नव्याबरोबर नवा कीबोर्ड आलाच होता. मलाही भंगारात जायचं होतं, पण जुळाऱ्याची बायको, म्हणजे धाकट्याच्या वहिनी, म्हणाल्या, असू दे, त्यांच्या हातचा आहे. मी त्याच खोलीतल्या कपाटावर गेलो.

संध्याकाळी जुळाऱ्याला घरी आणलं. धाकटा दारापासूनच हसत होता. त्याने दादाची तर्जनी नव्या कीबोर्डवर नेऊन ठेवली. जुळाऱ्याने बटण दाबलं. पडद्यावर एक अक्षर उमटलं, बाकी काही झालं नाही. त्याने अंगठा दाबून पुन्हा प्रयत्न केला. मग तो नुसता पडद्याकडे बघत राहिला. धाकटा म्हणाला, सवय होईल, दादा. मित्रांनो, काय हरवलं आहे हे सांगायला त्याला तीच चार बटणं हवी होती. दुकानातला माणूस येऊन त्याला येत होतं ते सगळं करून गेला, पण अक्षरांची विंडो काही उघडली नाही. लेकीला फोनवर सांगण्यात आलं, नवीन आहे, थोडा वेळ लागेल.

तोवर घरच्यांनी पापण्यांवर काम भागवायला सुरुवात केली. पापणी एकदा मिटली तर हो, दोनदा मिटली तर नाही. पाणी हवं का, पंखा लावू का, यासाठी ते पुरत होतं. पण त्यात एक मेख होती. दुसऱ्याला सुचेल तेवढंच त्याला बोलता येत होतं. त्याला जे बोलायचं होतं ते कोणी विचारतच नव्हतं, आणि मी कपाटावर धूळ खात पडलो होतो.

अशातच त्याचा श्वास अपुरा पडू लागला. डॉक्टर घरी आले. गळ्याला छेद देऊन नळी बसवायची आणि यंत्राने श्वास चालू ठेवायचा, हा एक मार्ग आहे असं ते म्हणाले. त्याने आयुष्य वाढेल, पण मग ते यंत्राच्याच आधाराने काढावं लागेल. न बसवली तर फार दिवस नाहीत, मात्र त्रास होऊ नये याची औषधं देता येतील. हा निर्णय रुग्णाचाच, असं सांगून ते वहिनींबरोबर दाराशी उभे राहिले. धाकटा पलंगाशी वाकला. “दादा, नळी बसवायची ना?”

जुळाऱ्याची पापणी मिटली आणि उघडली. “हो म्हणाला!” धाकटा वळून ओरडला आणि दाराकडे धावला. वहिनींनी पदराने डोळे पुसले. त्यांनाही तेच उत्तर हवं होतं. पलंगाकडे तेव्हा कोणाचंच लक्ष नव्हतं. आजार आता पापण्यांपर्यंत पोचला होता, त्या मिटायला वेळ लागत होता. सगळ्यांची पाठ वळल्यावर ती पापणी सावकाश दुसऱ्यांदा मिटली. मी कपाटावरून पाहिलं. मला ओरडायचं होतं, पण कीबोर्डला आवाज नसतो.

त्याला नेलं आणि नळी बसवून परत आणलं. यंत्र रात्रंदिवस फुसफुसू लागलं. हे कळल्यावर लेक सगळं काम टाकून आली. ती आली, बापाकडे बघितलं, पडद्याकडे बघितलं आणि विचारलं, बाबांचा जुना कीबोर्ड कुठे आहे. मला खाली काढून तिने खिडकीच्या उजेडात धरलं, आणि तोंड उघडून बसलेल्या पेशंटकडे बघावं तसं माझ्याकडे बघू लागली. कोणता दात किती झिजला आहे, कोणत्या बाजूने झिजला आहे, हे बघणं तिच्या हातचा मळ होता. झिजून गुळगुळीत झालेली चार बटणं तिने लगेच ओळखली. तीही डाव्या कडेलाच झिजली होती, कारण तर्जनी आडवी पडायची.

कोणती बटणं ते कळलं, पण त्यांची कामं कोणती ते झीज सांगू शकत नव्हती. तिने तोच जुना प्रोग्राम नव्या संगणकावर बसवला, मला जोडलं आणि बापाशेजारी बसून एकेक विचारू लागली. बाबा, हे अक्षरांच्या विंडोसाठी का? हे वाचून दाखवण्यासाठी? अंगठा दाबून की न दाबता? सुरुवातीला सगळं चुकत गेलं. तो हो म्हणाला असं धरून ती पुढे जायची, आणि करून पाहिलं की काहीतरी भलतंच व्हायचं. मग एका प्रश्नानंतर पाण्याचा घोट घ्यायला ती थांबली, आणि तेवढ्या वेळात तिला ते दिसलं.

ती वळली. धाकटा दाराशी दूध घेऊन उभा होता.

“काका, बाबांची पापणी दुसऱ्यांदा मिटते ती खूप उशिरा,” ती म्हणाली. “थांबावं लागतं.”

ती सहज बोलून गेली होती. तिला बिचारीला काय माहीत. पण धाकट्याने पातेलं खाली ठेवलं ते अर्धं सांडलं, आणि वहिनी पलंगाच्या कडेवर मटकन बसल्या. लेक पुन्हा कामाला लागली, प्रत्येक प्रश्नानंतर थांबत. दुसऱ्या दिवशी दुपारी अक्षरांची विंडो एकदाची उघडली. ती ओळखीची तर्जनी माझ्यावर आली. किती हलकी झाली होती. अक्षरं उजळत गेली, तो निवडत गेला, आणि घरातलं कोणी जागचं हललं नाही. मग त्या खरखरीत आवाजात संगणक म्हणाला, “मी हो म्हटलं नव्हतं.”

धाकट्याने पलंगाच्या पायावर डोकं टेकलं आणि तो लहान मुलासारखा रडला. बऱ्याच वेळाने त्याने विचारलं, नळी काढायची का, दादा? आणि या वेळी तो थांबला. पुन्हा अक्षरं उजळली. “आता राहू दे. पुढचं मी सांगेन.”

त्यानंतरचे महिने धाकटा रोज माझ्याजवळ बसायचा. चारही बटणांची कामं त्याने शिकून घेतली, ती फाईल स्वतःच्या आणि लेकीच्या संगणकावर जपून ठेवली. थंडीत जुळाऱ्याच्या छातीत कफ भरला, ताप उतरेना. डॉक्टर म्हणाले, दवाखान्यात हलवू. धाकट्याने दादाला विचारलं आणि पडद्याकडे बघत उभा राहिला. बोटात आता जोर नव्हता. एकेका अक्षराला फेऱ्यामागून फेऱ्या जात होत्या. “दवाखाना नको.” धाकट्याला हे उत्तर नको होतं, पण त्याने ते डॉक्टरांना जसंच्या तसं सांगितलं. काही दिवसांनी जुळारी घरीच गेला, त्याच खिडकीजवळ.

मी आता धाकट्याच्या घरी एका फळीवर असतो. माझी तार गुंडाळून ठेवलेली आहे. ती फाईलही जागच्या जागी आहे, पण त्या शॉर्टकटना लागणारी बोटं आता कोणाकडे नाहीत.

मित्रांनो, दुसऱ्याच्या हाताखालची वस्तू बदलायची असेल, मग ती कितीही जुनाट दिसो आणि तुमच्या मनात कितीही माया असो, आधी त्याला विचारा. आणि विचारलंत, तर उत्तर पुरं होईपर्यंत तिथेच थांबा.