भेटीला आलेल्या गोळ्या

किसनरावांना भेटायला येणारा माणूस रिकाम्या हातानं येत नसे, आणि सगळा घोळ तिथंच होता. भातकुलीकडच्या त्या गावात कुणी आजारी पडलं की भेटायला जावंच लागतं. जाताना बिस्किटाचा पुडा न्यावा लागतो आणि आताशा त्याच्या जोडीला गोळीही. आपल्याला लागू पडली ती दुसऱ्यालाही पडलीच पाहिजे, असा तिथला पक्का समज. नाही म्हटलं तर पाहुणा रुसतो. हो म्हटलं तर पाण्याचा गिलास हातात देऊन, गोळी पोटात जाईस्तोवर समोरून हलत नाही.

टेम्पोत कोबीची पोती चढवताना किसनराव घसरून टेम्पोच्याच मागच्या फाळक्यावर आदळले आणि बरगडीला तडा गेला. अमरावतीच्या डॉक्टर रागिणीबाईंनी फोटो काढला. बरगडीला प्लास्टर नसतं, ती आपली आपण जुळते, असं सांगून त्यांनी दुखणं थांबवायच्या साध्या गोळ्या दिल्या आणि वेळेवर घ्या म्हणून बजावलं. गावाला हे अजिबात पटलं नाही. प्लास्टर नाही, सुई नाही, ही कसली डॉक्टर? शेजारचे सूर्यभान आपली दाढेची गोळी घेऊन आले. किसनरावांची बहीण भागीरथाबाई अकोल्याहून गुडघ्याची घेऊन आल्या. ती म्हणे एवढी जालीम, की त्या आता जिना चढून राहिल्या होत्या. किसनरावांची बायको पार्बताबाई सगळ्यांना चहा करून देत होत्या आणि नवऱ्याच्या तळहातावर एकेक गोळी ठेवत होत्या.

तरी दुखणं काही हटेना. किसनराव बसले की बसलेच. आडवं व्हायला तयार नाहीत, रात्री धड झोप नाही, खोकला आला तर ओठ दाबून जिरवून टाकत. आणि एका सकाळी त्यांचं अंग तापलं, श्वास वरच्या वर चालायला लागला. पार्बताबाईंना थोरला दीर आठवला. किसनरावांचा थोरला भाऊ नत्थुजी कंबरेसाठी वर्षानुवर्षं मनानंच गोळ्या खात होता. त्याच्या किडन्या गेल्या आणि मागोमाग तोही गेला. आता हे त्याच वाटेनं निघाले, आणि गोळ्या हातावर ठेवत होतं कोण? मीच की. सून हर्षाला त्यांनी घरातली सगळी पाकिटं पिशवीत भरायला लावली, मुलाला टेम्पो काढायला सांगितलं आणि अमरावती गाठली.

डॉक्टरबाईंनी पिशवी टेबलावर उलटी केली आणि त्यांचा चेहरा गंभीर झाला. सूर्यभानची गोळी आणि त्यांनी स्वतः दिलेली गोळी, नावं निराळी पण आतलं औषध एकच. दोन्ही भरपूर गेल्या असतील तर लिव्हरला धोका. भागीरथाबाईंची वेगळ्या जातीची. किसनरावांसारख्या बीपी असलेल्या माणसानं या वयात ती न विचारता घेतली तर किडनीचीही काळजी आणि पोटाचीही. दिवसातून किती जायच्या, असं त्यांनी विचारलं.

सांगायला म्हणून पार्बताबाईंनी तोंड उघडलं आणि त्यांना रडूच फुटलं.

"म्याच देल्या वो माय," त्या म्हणाल्या. "सारं माह्याच हातानं झालं."

इतका वेळ भिंतीकडे बघत असलेले किसनराव बायकोकडे वळले. वळताना बरगडीतून कळ गेली, ती चेहऱ्यावर दिसली.

"रडू नको. एकबी गिळली नाई म्या."

कुणाला काही कळेना. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. जन्मभर तंबाखू-सुपारीचा खर्रा खाल्लेला माणूस तो, गालात एखादी चीज दाबून ठेवणं म्हणजे त्याच्या हातचा मळ. गोळी गालात सरकवायची, वरून पाणी प्यायचं, पाहुण्याला 'आता बरं वाटते' म्हणायचं आणि तो उठला की मोरीत थुंकायची. कडू लागे, पण खर्रा तरी कुठं गोड असतो? सूर्यभानची थुंकली, बहिणीची थुंकली, आणि डॉक्टरबाईंचीही थुंकली.

"पण काहून?" पार्बताबाईंनी विचारलं.

"गोळी हातात आली की नत्थूभाऊचं तोंड दिसे मले. अन् पाव्हण्याले नाई कसं म्हणू?"

पार्बताबाईंना राग आला, हसू आलं, आणि लगेच दुसरी भीती वाटली. गोळ्या पोटात गेल्याच नाहीत, तर मग हा ताप कशाचा?

डॉक्टरबाईंनी छाती तपासली, नवा फोटो काढला, रक्त तपासलं. तोवर पार्बताबाई पदर मुठीत धरून बसून राहिल्या. रिपोर्ट आले. किडनी ठणठणीत, लिव्हर ठणठणीत. दुखतं म्हणून पुरता श्वास घ्यायचा नाही आणि खोकायचं नाही, त्यानं फुफ्फुसात कफ साचून राहिला होता. सुरुवातच होती, औषधानं जाईल, वेळेवर आलात, असं डॉक्टरबाई म्हणाल्या. मग त्यांनी पार्बताबाईंकडून नत्थुजींची हकीगत विचारून घेतली आणि खुर्ची किसनरावांच्या समोर ओढली.

"काका, नत्थुजींनी दुसऱ्या जातीची गोळी वर्षानुवर्षं खाल्ली, कोणाला न विचारता. माझी गोळी साधी आहे, मोजून दिलेली आहे आणि थोड्याच दिवसांची आहे. दुखणं थांबलं तरच तुम्ही छाती भरून श्वास घ्याल. फक्त हिच्यासोबत दुसऱ्या कोणाची घ्यायची नाही."

डॉक्टरबाईंनी हातावर ठेवलेली गोळी किसनरावांनी बराच वेळ निरखली आणि डोळे मिटून गिळली. पार्बताबाईंनी त्यांना आ करायला लावला आणि मोबाइलचा उजेड पाडून दोन्ही गाल तपासले. हसू लपवायला डॉक्टरबाईंनी तोंड फिरवलं.

बाहेरच्या बाकावर थोडा वेळ गेल्यावर किसनराव दवाखान्यातली उशी छातीशी धरून, डॉक्टरबाईंनी शिकवलं तसं खोकले. एकदा खोकले, मग भीत भीत पुन्हा एकदा.

"दुखून नाई राहिलं तेवढं," ते आश्चर्यानं म्हणाले, आणि पडल्यापासून पहिल्यांदा त्यांनी छाती भरून श्वास घेतला. आपण गोळी खाल्ली आणि आपल्याला काही झालं नाही, हेच त्यांना खरं वाटत नव्हतं. मग बोलता बोलता त्यांची मान भिंतीला टेकली आणि ते घोरायला लागले. ते घोरणं असं, की याच घोरण्यापायी पार्बताबाईंनी मागे त्यांची खाट ओसरीत काढली होती. रांगेतली माणसं वळून पाहायला लागली. हर्षाला लाज वाटली, सासऱ्यांना उठवायला तिनं हात पुढे केला.

पार्बताबाईंनी तो हात मधेच धरला.

"घोरू दे," त्या म्हणाल्या. "पोटभर घोरू दे त्याह्यले."