माझ्या उजव्या कानाचा सूड

मी एक जुना बोका आहे. मालवणच्या किनाऱ्यावर, रापणीच्या जाळ्यांच्या ढिगात माझा जन्म झाला. हौसाबाईंनी मला पदराखाली घालून घरी आणले. त्यांच्या भाताच्या कोठीजवळ मी एकही उंदीर फिरकू दिला नाही. बांगड्याचे डोके आधी मला, मग घरच्यांची ताटे, असा माझा मान होता.

मित्रांनो, तो मान त्यांच्या मुलाने, सर्वेशने घालवला. घरातल्या दोन खोल्या तो पर्यटकांना देतो. त्यांच्यासाठी तळलेल्या सुरमईचा मी नुसता वास घेतला, तर त्याने माझ्यावर दार आपटले. उजवा कान फटीत सापडून अर्धा तुटला. आईला मात्र त्याने सांगितले की बोका मारामाऱ्या करतो, कान चावून घेऊन आलाय, आता घरात नको. हौसाबाईंना नीट दिसत नाही. त्यांनी विश्वास ठेवला आणि माझी रवानगी लाकडांच्या खोपीत झाली. तिथे मी डूख धरून बसलो.

यंदा मुंबईच्या लेकीने, दीपिकाने, आईला दिसेल असे माझे मोठे चित्र काढून घ्यायचे ठरवले. कुडाळच्या चित्रकार रश्मीताईंनी बजावले होते की फ्लॅश नको, खिडकीचा उजेड हवा, मोबाईल बोक्याच्या डोळ्यांच्या उंचीवर धरा आणि दोन्ही कान दिसू देत. फोटो काढायचे काम आले सर्वेशकडे. चोराच्या मनात चांदणे! त्याने उभ्यानेच, वरून आणि फक्त डावीकडून फोटो काढले. त्यात मी उंदरासारखा दिसलो. ताईंनी ते परत पाठवले. मग फ्लॅश मारला, तर डोळे भुतासारखे हिरवे आले. तेही परत.

शेवटी दीपिकाने फोनवरून त्याची चांगली कानउघाडणी केली, तेव्हा तो खोपीच्या खिडकीपाशी पालथा पडला. कोपरांना मुंग्या चावत होत्या. मला पळून जाता आले असते. पण मी तुटका कान उजेडात धरला आणि त्याच्या डोळ्यांत बघत ढिम्म बसून राहिलो.

चित्र आले. हौसाबाईंनी ते नाकाशी धरून पाहिले. कानावरून बोट फिरवले.

“सर्वेशा, ह्यो कान चावान फाटलेलो नाय. सरळ कापललो आसा. खंय सापडललो?”

सर्वेशने दाराकडे बोट दाखवले.

“दारात. मियाच आपटलंय, आये.”

हौसाबाईंनी चित्र खाली ठेवले. त्या खोपीत आल्या आणि मला उचलून घरात घेऊन गेल्या. चित्र त्यांनी पाहुणे जेवतात तिथे समोरच लावायला लावले. पाहुणा कानाबद्दल विचारतो, सर्वेश मान खाली घालून खरे ते सांगतो, आणि मी हौसाबाईंच्या मांडीवर बसून ऐकतो. फार बरे वाटते.

मित्रांनो, मुक्या जिवाला दुखावू नका. दुखावलेत, तर निदान त्याच्यावर आळ घेऊ नका. मी सर्वेशला माफ केलेले नाही. मी आता थकलो आहे, फार दिवसांचा सोबती नाही. पण रंग पक्के आहेत. मी गेल्यावरही पाहुणे येतील, सुरमई मागवतील आणि भिंतीकडे बघून त्याला विचारतील, “याचा कान कुठे गेला हो?”