भाऊजींचं बहाद्दर यीस्ट

भाऊजींना वास सहन होत नाही. भाऊजी म्हणजे माझ्या ताईचा नवरा. आमच्या प्रयोगशाळेचे प्रमुखही तेच, आणि त्यांना विचाराल तर जगातल्या समस्त विज्ञानाचेही.

आमचं काम मात्र वासाचंच आहे. पेंढा आणि भुसा आम्लात शिजवायचा, त्यातली साखर सोडवायची आणि ती यीस्टला खायला घालून इंधनासाठी अल्कोहोल करायचं. शिजून निघालेल्या काळ्या पाण्याला आम्ही काढा म्हणतो. साखरेबरोबर काढ्यात फरफ्युरल नावाचं विषही उतरतं. त्याला करपलेल्या बदामाचा वास येतो आणि साधं यीस्ट त्यात तग धरत नाही. तग धरणारं यीस्ट घडवायचं, याचाच आम्हाला पगार मिळतो.

भाऊजींचं डोकं दुखतं म्हणून त्यांच्यासाठीचा काढा झाकण काढून उकळला जायचा. वास गेला, की साहेब आत येणार, आपलं लाडकं यीस्ट त्यात सोडणार आणि ते वाढलं, की छाती फुगवणार. "जनुकं बदललीत मी याची. बघ, कसं विष पचवतंय!"

विष केव्हाच वाफेबरोबर निघून गेलेलं असायचं. मागे उरायचं गोड पाणी. त्यात कुणीही बाळसं धरलं असतं.

"भाऊजी, झाकण लावून करून बघा ना एकदा," मी म्हटलं.

"तू मला शिकवणार? नोकरी कुणी लावली तुला?"

हे वाक्य त्यांनी पाठच करून ठेवलं होतं.

माझं यीस्ट मी बंद बाटल्यांत वाढवत होते. आधी थोडा काढा, मग जरा जास्त. मरतील ते मरतील. जगतील ते पुढच्या बाटलीत. विष पचवण्याचा गुण ज्यांच्या जनुकांत आपसूक आला, तेवढेच मागे राहिले. वर्षं गेली त्यात. दिसायला ते अगदीच गबाळं होतं. सुटं वाढायचं नाही, गुठळ्या होऊन तळाशी बसायचं. भाऊजींनी त्याचं नाव 'ढेकूळ' ठेवलं आणि दर बैठकीत त्यावर हशा मिळवला.

मग आमच्याच आवारातल्या कारखान्याच्या मोठ्या टाकीत चाचणी ठरली. अर्थातच भाऊजींच्या यीस्टची. चाचणीच्या सकाळी ते माझ्या टेबलापाशी आले. "हा पसारा उकळून टाक. फ्रीजरमधल्या नळ्यासुद्धा. मला जागा लागणार आहे."

"एक नळी तरी राहू द्या, भाऊजी. दुसरीकडे कुठेच नाहीये ते."

"ढेकूळ सांभाळायला फ्रीजर घेतलाय का?"

माझा हात उचलेना. चाचणी बघायला आलेले पाहुणे दारात होते, साहेबांना धीर नव्हता. त्यांनी स्वतःच बाटल्या आणि नळ्या बेसिनमध्ये रिकाम्या केल्या. बेसिनच्या वर त्यांच्याच सहीचा नियम चिकटवलेला होता: जिवंत यीस्ट उकळून मारल्याशिवाय नाल्यात सोडू नये. मी स्वच्छतागृहात जाऊन रडले. संध्याकाळी ताईला फोन केला, तर ती म्हणाली, "जाऊ दे गं. घरात वाद नको."

मोठ्या टाकीचं झाकण कुणाच्या डोकेदुखीसाठी उघडत नाही. विष आतच राहिलं. भाऊजींचं बहाद्दर यीस्ट आत गेलं आणि एक बुडबुडा न सोडता मेलं. भाऊजींनी आधी पंपाला दोष दिला, मग पाण्याला, मग टाकी धुणाऱ्यांना. स्वतःचं नाव तेवढं सुचलं नाही. शेवटी तो सगळा काढा मागच्या सांडपाण्याच्या हौदात सोडून देण्यात आला.

काही दिवसांनी टाकीवरचा ऑपरेटर धावत आला. "मॅडम, हौद उतू चाललाय!"

हौदावर फेसाचा डोंगर उभा होता. आमच्या बेसिनचा नालाही त्याच हौदात उघडतो, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. मी बाटली भरून घेतली. तळाशी गुठळ्या बसल्या. बंद बाटलीत, ताज्या, वास मारणाऱ्या काढ्यात ते सोडलं आणि दुसऱ्या दिवशी बुडबुडे आले. माझं ढेकूळ जिवंत होतं.

कारखान्याचे मॅनेजर हौदावर आले. मागोमाग नाकाला रुमाल लावून भाऊजी.

"अहो, टाकीत मेलं ते इथे कसं वाढतंय? हे यीस्ट आहे कुणाचं?" मॅनेजरांनी विचारलं.

भाऊजींनी रुमाल काढला, घसा साफ केला. ती छाती फुगायला लागलेली मला दिसली.

"यांनाच विचारा," मी म्हटलं. "नाल्यात यांनी स्वतःच्या हातांनी ओतलंय. न उकळता."

मॅनेजर त्यांच्याकडे बघत राहिले. भाऊजींनी ते स्वतःचं म्हणावं, तर स्वतःचाच नियम मोडल्याचं कबूल होत होतं. नाही म्हणावं, तर ते माझं ठरत होतं. फेस भाऊजींच्या बुटांपर्यंत आला होता.

"माझं नाही," ते म्हणाले.

इतक्या वर्षांत यीस्टबद्दल त्यांनी केलेलं ते पहिलं खरं विधान. मी हातातल्या बाटलीचं झाकण घट्ट लावलं.