लायपोमा

कॉलेज सुटलं की उत्कर्षा हडपसरच्या क्लासला जायची. अमेरिकेतल्या डॉक्टरांचं बोलणं ऐकून टाइप करायची नोकरी मिळवायची, तर वैद्यकातले शेकडो शब्द यायला हवे होते. ती ते तोडून तोडून पाठ करायची.

अशात आईच्या, मालनबाईंच्या, खांद्यावर गाठ आली. तपासणीचा रिपोर्ट घेऊन दोघी दवाखान्यात थांबल्या होत्या. उत्कर्षाने तो हळूच उघडला. आजाराच्या नावाच्या शेवटी 'ओमा' दिसलं. ओमा म्हणजे गाठ, कॅन्सरचीही असू शकते! मग तिने शब्द पहिल्यापासून वाचला: लायपोमा. लायपो म्हणजे चरबी.

"आई, नुसती चरबीची गाठ आहे गं!"

"तुला काय कळतंय?"

डॉक्टरांनीही तेच सांगितलं, वर औषधाचीही गरज नाही म्हणाले. बाहेर येताच मालनबाईंनी डोळे पुसले.

"चल, काहीतरी खाऊ. आठ दिवस घास उतरत नव्हता बघ."