बांधणाऱ्याचा हात

भाच्याच्या दाराच्या चौकटीवर काटेरी रिंगणीची फांदी बांधताना काटेआत्येचा हिशेब पक्का होता. आजारी पोर बरी झाली की भाचा म्हणणार, "आता कुठं जातेस आत्या, राहा इथंच." मग आतल्या खोलीतली खिडकीजवळची खाट, वेळेवर गरम घास आणि मरताना उशाशी आपलं कुणीतरी. रानोमाळ रिंगणी तोडून खोकल्याच्या काढ्यासाठी विकण्यात तिचं आयुष्य गेलं होतं. आता गुडघे वाकत नव्हते आणि घरमालकाला तिची खोली हवी होती.

"नीट बांधा हं. पोरीचा अजिबात डोळा लागत नाही," भाचेसून म्हणाली. डोळा तर तिचाही लागत नव्हता. डॉक्टरचं औषध चालू होतं, पण पोरीची छाती अजून घरघरत होती.

"रिंगणी आहे बाई. दृष्टच काय, तुझी सासू जिवंत असती तर तीही दारातून परत फिरली असती."

भाचेसून कितीतरी दिवसांनी हसली. आत्या स्टुलावरून उतरली, काढ्याचं भांडं उचलून आत निघाली, तशी भाचेसून आडवी आली.

"अहो, थांबा. बांधणाऱ्यानं काटे गळेपर्यंत उंबरा ओलांडायचा नाही ना?"

"कुणी सांगितलं तुला?"

"तुम्हीच की. माझ्या आईला सांगितलं होतंत."

सांगितलं होतं खरं. आईलाच काय, घरोघर सांगितलं होतं. फांदी बांधायला गेलं की लोक आत बसवून घेत. आजाऱ्याचे पाय चेपा, जरा केर काढा. त्या राबणुकीतून सुटायला आत्येनं हा नियम स्वतःच रचला होता. त्यानं फांदीचं वजनही वाढलं. अट नसलेल्या गोष्टीवर कोण विश्वास ठेवतो?

आता फक्त म्हणायचं होतं, "खोटं गं ते." पण भाचेसुनेची नजर फांदीला अशी चिकटली होती, की नियम खोटा म्हटला असता तर फांदीही खोटी ठरली असती. आणि तिच्याजवळ धरायला दुसरं काही नव्हतं.

"विसरलेच बघ," आत्या म्हणाली आणि भांडं उंबऱ्यावरून आत सरकवलं.

भाच्यानं तिचं अंथरूण पडवीत घातलं. काढा बाहेर उकळायचा, आत जायचा. पोरीचा ताप उतरला, छाती मोकळी झाली. तिची आई घोरण्याइतकी झोपू लागली. फांदी वाळली, काटे गळू लागले, तशी आत्येनं आत जायला अंथरुणाची वळकटी केली.

भाचेसून दारात आली. "आत्या, ताजी फांदी आणाल? थंडी सरेपर्यंत राहू दे."

"अगं, बरी झाली की ती."

"म्हणून तर."

आत्येनं भाच्याकडे पाहिलं. तो बुटाची नाडी बांधत होता. बराच वेळ बांधत होता.

"मग बांधायला दुसऱ्या कुणाला तरी बोलाव."

"छे, दुसरं कुणी नको. तुमच्याच हाताला गुण आहे."

आत्या माळावर गेली, बसत-उठत फांदी तोडून आणली आणि दिवेलागणीला बांधली. पोर रांगत उंबऱ्याशी आली, तिला पाहून हात पुढे केला.

"आत ये गं, वारा लागेल," म्हणत आईनं उचललं आणि दार लोटलं.

पोरीला श्वास मिळाला, आईला झोप, भाच्याला घरात शांतता. आतून कडी लागली. आत्येनं वळकटी पुन्हा सोडली आणि तळहातात मोडलेला काटा चाचपू लागली. काढायला उजेड पुरत नव्हता.