चादरीची घडी

मालकांचं पहिलं दुकान म्हणजे चार फळ्या आणि एक शिडी. तिथून अकरा गावांत अकरा दुकानं झाली, सरकते जिने आले आणि मी चादरी-टॉवेल विभागाची प्रमुख झाले. धाकट्या दिरांना, म्हणजे आमच्या भाऊजींना, गोदामात मीच चिकटवलं. तेच आता मला भोवणार असं दिसत होतं.

कारण माल गायब होत होता. सोमवारी भरलेली फळी बुधवारी अर्धी. मी कधी गोदामात डोकावले की भाऊजी नजर चुकवून खोकी मोजायला लागत. त्यातच त्यांच्या घरी नवं कोरं कपाट आलं. माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली. उद्या बिंग फुटलं तर शिफारस माझी, नाक माझं कापलं जाणार. दोन आठवडे कसेबसे काढले आणि सरळ मालकांच्या केबिनमध्ये गेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, बरं केलंत सांगितलंत. संध्याकाळी भाऊजींची नोकरी गेली.

माल मात्र कमी होतच राहिला.

महिन्याभराने मला सगळ्यांत लांबच्या दुकानात मदतीला पाठवलं. सगळी दुकानं विकत घेऊ पाहणारी मंडळी तिथे पाहणीला यायची होती. फळ्या शिगोशीग भरलेल्या. एक चादर उचलली आणि तिची घडी निरखून पाहिली. लेबल आत, कोपरा डावीकडे दुमडलेला. अशी घडी माझ्याशिवाय कुणी घालत नाही. विभागातल्या पोरी त्यावरून माझी टिंगल करतात. मी इतर विभाग पाहिले, तर खोक्यांवर बाकीच्या दुकानांचे शिक्के. दहा दुकानांचा माल त्या एका दुकानात आणून ठेवला होता. पुढची पाहणी जिथे, तिथे तो हलणार. आणि कुणी विचारलंच, तर सांगायला मालकांकडे एक चोर होता. तो मीच हातात दिला होता.

दुकानं घ्यायला आलेलं गिऱ्हाईक फसलं नाही. दोन महिन्यांत अकराही दुकानांना कुलूप लागलं.

मी भाऊजींकडे गेले. जाऊबाईंनी पाणी दिलं आणि आत निघून गेल्या. मला रडू आवरेना. म्हटलं, "मालकांनीच माल हलवायला सांगितलं होतं, हे मला का नाही सांगितलंत?"

भाऊजी शांतपणे म्हणाले, "सांगितलं असतं, वहिनी. तुम्ही मला विचारलंच नाहीत."