विटाळ नसलेली पुस्तकं

केशरबाई चुलीपुढे भाकरी थापत होती, तेव्हा सरपंच दत्तराव स्वतः तिच्या दारात आले. दारात म्हणजे अंगणाबाहेर, लिंबाखाली. बौद्धवस्तीला त्यांचे पाय एरवी निवडणुकीपुरतेच लागत. आज पारावर मुंजाजीभाऊंची शोकसभा आहे, त्यांच्या पुस्तकांचं देवळाच्या ओवरीत वाचनालय करायचंय, तेव्हा पेट्या घेऊन या, असं ते म्हणाले. तिचा नवरा मुंजाजी जाऊन महिना झाला नव्हता. तिला भरून आलं आणि ती हो म्हणून बसली.

चुडावा स्टेशनापासून कोसभर आत असलेलं हे गाव. नाव सांगत नाही. वाचकांनी आपल्याच गावाचं घालावं, फारसं चुकणार नाही. मुंजाजी मूळचा बोरीकडचा. तरुणपणी हैदराबादेत छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवताना त्याला मराठी आणि उर्दू वाचनाचं वेड लागलं. पुढे इकडच्या कापसाच्या जिनिंगमध्ये कारकुनी मिळाली, तेव्हा बायको, दोन लेकी आणि पुस्तकांच्या पेट्या घेऊन तो इथे आला. गावाने त्याला शेवटपर्यंत उपराच म्हटलं. घरात मात्र त्याचं राज्य प्रेमाचं होतं. केशरबाईला त्याने चुलीपुढे, परातीतल्या पिठात बोटाने अक्षरं काढून वाचायला शिकवलं.

रोज सकाळी तो गावाला वर्तमानपत्र वाचून दाखवी. ऐकणारे पारावर, वाचणारा खाली दगडावर. दत्तराव त्याच्याकडून कादंबऱ्या नेत. पुस्तक थेट माजघरात जाई, मुंजाजी अंगणात उभा राही. पुस्तकाला विटाळ नव्हता, माणसाला होता. केशरबाई चिडली की तो म्हणे, वाचतायत ना, मग बदलतीलच. एवढं वाचून हा माणूस इतका भोळा कसा राहिला, याचं तिला नवल वाटे.

संध्याकाळी बैलगाडीतून पेट्या पारापाशी आल्या. पारावर खुर्ची, खुर्चीत मुंजाजीचा फोटो, फोटोला झेंडूचा हार. केशरबाईला आणि लेकींना खालचा दगड दाखवण्यात आला. फोटोला वर जागा होती, कारण फोटो कुणाला शिवत नाही.

चहा आला. सगळ्यांना काचेच्या ग्लासात आणि तिच्यापुढे कान तुटलेली कपबशी. एरवी सरपंचांच्या गोठ्याच्या वळचणीला खोचलेली असणारी ही कपबशी तिने ओळखली. मुंजाजी त्यात चहा पिऊन, स्वतः विसळून, पुन्हा तिथेच खोचून ठेवत असे. तिला शिसारी आली. वर दत्तराव गहिवरून सांगत होते, की मुंजाजीभाऊंनी आपल्याला जातपात विसरायला शिकवलं. माणसं माना डोलावत होती. पदर सावरून ती उठली.

"पाटील, वाचनालयात आमच्या लेकरांला बसता येईल का?"

दत्तराव अडखळले. "त्यांला आमी बाहीर आनून देऊ की. पायरीपाशी. देवळाची रीत हाय, ती काय माज्या हातात न्हाई."

"मंग पुस्तकं न्हाई भेटायची."

पेट्या तर गावाला दिल्यात, आता शब्द फिरवू नका, असं कुणीतरी वरून दटावलं. ती त्याच्याकडे वळली.

"तुमी सुधराल म्हनून त्यायनं जल्मभर तुमाला पुस्तकं देली. तुमी निस्ती वाचली."

ती पाराच्या पायऱ्या चढली. अंगाला अंग लागू नये म्हणून लोक मागे सरले, आणि तिला खुर्चीपर्यंत वाट झाली. हार काढून तिने खुर्चीतच ठेवला, फोटो काखेत घेतला आणि गाडी परत वळवायला लावली. चहा तसाच दगडावर राहिला.

त्याच आठवड्यात वस्तीत तिच्या ओसरीवर सतरंजी पडली. पेट्या उघड्या ठेवल्या. दुपारी लेकी लहानांना वाचून दाखवतात, संध्याकाळी रोजगारावरून आलेल्या बाया अक्षरं गिरवायला बसतात. तिथे कुणालाच मज्जाव नाही.

दत्तरावांची एक कादंबरी अर्धी राहिली होती. त्यांनी गड्याला पाठवून पुढचा भाग मागवला. केशरबाईने निरोप दिला, "भाग हितंच हाय. सतरंजीवर बसून वाचा म्हनावं."

त्यांच्या वाड्यापासून ही ओसरी हाकेच्या अंतरावर आहे. कादंबरीत पुढे काय झालं हे जाणून घ्यायला त्यांचा जीव तळमळतो म्हणतात, पण ते अजून आलेले नाहीत. वाचकहो, तुमचंही तोंड सरपंचांवर थुंकण्यासाठी वळलं असेल, तर आधी एवढं सांगा: तुम्ही त्या सतरंजीवर बसला असता का?